सिंहगड चढून आलं तरी वजनाचा काटा तिथेच का?

रविवारी सकाळी सहाच्या आधी पायथ्याच्या आतकरवाडीला पोचलात तरी गाडी लावायला जागा शोधावी लागते, इतकी गर्दी हल्ली सिंहगडाच्या पायवाटेला असते, आणि त्यातले बरेच जण गड बघायला आलेलेच नसतात, वजन उतरवायला आलेले असतात. कुणाची हाफ मॅरेथॉनची तयारी चालू असते, कुणी 200 किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे लांब पल्ल्याच्या सायकल राइडला, नाव दिलेलं असतं, कुणाला डॉक्टरांनी सांगितलेलं असतं की शुगर बॉर्डरवर आलीये, आता हलायला लागा. मीही चार वर्षांपूर्वी असाच गेलो होतो. वय 42, वजन 86 किलो, आणि डोक्यात एकच गोष्ट, की एवढा चढ चढलो म्हणजे किलोभर तरी जाईल.

तर आधी त्या चढाचाच हिशोब करू, शाळेतलं फिजिक्स पुरतं. पायथ्यापासून पुणे दरवाज्यापर्यंत साधारण 600 मीटर उंची चढायची असते. 86 किलो वजन 600 मीटर वर न्यायला लागणारी ऊर्जा भरते सुमारे 120 कॅलरी (खाण्याच्या हिशोबातली कॅलरी, म्हणजे किलोकॅलरी). फक्त 120! पण आपले स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेतला जेमतेम पाव भाग कामाला लावतात, बाकी सगळी उष्णता होऊन जाते (म्हणूनच डिसेंबरच्या थंडीतही टी-शर्ट भिजतो), त्यामुळे प्रत्यक्षात खर्च होतात 480-500 कॅलरी. आता वर पोचल्यावर एक प्लेट कांदा भजी, पिठलं-भाकरी आणि मटक्यातलं दही खाल्लं तर ते सगळे परत आले, वर थोडे जास्तच आले.

पळण्याचं गणित याहून सोपं आहे. एक किलो वजन एक किलोमीटर पळवायला साधारण एक कॅलरी लागते, हळू पळा नाहीतर जोरात पळा, फार फरक पडत नाही. म्हणजे 86 किलोचा माणूस 42.195 किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन पळाला तर सुमारे 3600 कॅलरी. आणि शरीरातली एक किलो चरबी म्हणजे अंदाजे 7700 कॅलरी. अख्खी मॅरेथॉन पळून अर्धा किलोही चरबी जात नाही! लाँग रननंतर घरी येऊन काट्यावर उभं राहिलं की दीड-दोन किलो कमी दिसतात तो घाम असतो, संध्याकाळपर्यंत पाणी पिऊन परत येतो.

मी पहिल्या हाफसाठी 14 आठवडे तळजाई टेकडीवर आणि नंतर रस्त्यावर मिळून 400 किलोमीटर पळालो. वरच्या हिशोबाने साडेचार किलो जायला हवे होते. गेले दीड. तेव्हा वाटलं आपल्याच शरीरात काहीतरी बिघाड आहे, थायरॉईडची टेस्ट पण करून घेतली, ती नॉर्मल आली. बिघाड नव्हताच, हे नंतर वाचायला लागलो तेव्हा कळलं.

हर्मन पाँटझर नावाचा अमेरिकन संशोधक आहे, त्याने आणि सहकाऱ्यांनी टांझानियातल्या हाड्झा लोकांचा रोजचा ऊर्जाखर्च मोजला, अभ्यास 2012 ला प्रसिद्ध झाला. हे लोक अजून शिकार करून, कंदमुळं खणून जगतात, रोज मैलोन्मैल चालतात. मोजायची पद्धत पण बघण्यासारखी आहे. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे जड अणू असलेलं पाणी प्यायला देतात आणि पुढचे काही दिवस लघवीचे नमुने घेतात. जड हायड्रोजन फक्त पाण्यातून बाहेर पडतो, जड ऑक्सिजन पाण्यातूनही आणि श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमधूनही, दोघांतला फरक काढला की किती कार्बन डायऑक्साइड सोडला म्हणजेच किती इंधन जाळलं ते कळतं. निकाल असा, की शरीराच्या आकाराचा हिशोब धरला तर हाड्झा माणूस दिवसाला जेवढी ऊर्जा खर्च करतो तेवढीच ऑफिसात बसणारा अमेरिकन माणूसही करतो. हालचाल वाढली की शरीर दुसरीकडे कुठेतरी काटकसर करतं. पुढे 2015 ला अमेरिका आडवी पळत पार करणाऱ्या लोकांना मोजलं, आठवड्याला सहा-सहा मॅरेथॉन, वीसेक आठवडे, तर शेवटी शेवटी तेही अपेक्षेपेक्षा दिवसाला 600 कॅलरी कमी खर्च करत होते. पळण्याचा खर्च वायाच जातो असा याचा अर्थ नाही, पण कागदावर जेवढा दिसतो तेवढा पदरात पडत नाही, आणि त्यात आपण रविवारी 18 किलोमीटर पळून आलो की दुपारी तीन तास झोपतो, लिफ्ट घेतो, संध्याकाळी भूक दुप्पट लागते, हे वेगळंच.

अजून एक कारण आहे जे नव्या रनरला कुणी सांगत नाही. ट्रेनिंग सुरू झालं की स्नायू जास्त ग्लायकोजेन साठवायला लागतात, ग्लायकोजेन म्हणजे साखरेचा शरीरातला साठा, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवलं जातं. रक्तातला पातळ भागही पहिल्या एक-दोन आठवड्यांतच वाढतो. म्हणजे चरबी थोडी कमी होत असते आणि पाणी वाढत असतं, काटा बिचारा दोन्ही एकत्र मोजतो. क्रॅश डाएटला पहिल्या आठवड्यात दोन किलो "गेले" म्हणून लोक खूश होतात, ते याच्या बरोबर उलट.

मग बदलतं काय? बरंच काही. जॉन हॉलोझी यांनी 1967 ला उंदरांना काही आठवडे ट्रेडमिलवर पळवलं आणि त्यांच्या स्नायूंतले मायटोकाँड्रिया तपासले (मायटोकाँड्रिया म्हणजे पेशीतल्या चुली, चरबी आणि साखर तिथे जळते). ऑक्सिजन वापरणाऱ्या एन्झाइम्सची क्षमता जवळपास दुप्पट झाली होती. माणसातही हेच होतं. शिवाय काम करणारा स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न बघता आत ओढतो, आणि व्यायाम संपल्यावरही एक-दोन दिवस इन्सुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देतो. पोटाच्या आत, लिव्हर-आतड्यांभोवती साचलेली चरबी वजन फारसं न हलताही कमी होऊ शकते, आणि डायबेटिस-हार्टचा धोका वाढवण्यात तीच जास्त वाईट.

इथे पुण्याचीच एक गोष्ट सांगायलाच हवी. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी 2004 ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच फोटो छापले. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) सारखा, 22.3, म्हणजे तक्त्याप्रमाणे दोघेही एकदम नॉर्मल. पण डेक्सा स्कॅनमध्ये (अंगात चरबी किती ते मोजणारा स्कॅन) युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या 21.2 टक्के. युडकिन मॅरेथॉन पळणारे, पण फरक तेवढ्यानेच आलाय असं दोघांनीही म्हटलेलं नाही. याज्ञिक यांच्या टीमने पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांची मापं घेतली होती, सरासरी वजन 2.7 किलोच्या आसपास, ब्रिटिश बाळांपेक्षा खूप कमी, हातपाय बारीक, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून. म्हणजे आपल्यातले कितीतरी जण जन्मापासूनच बारीक दिसणारे आणि आतून चरबीवाले असतात, स्नायू कमी. हे वाचल्यापासून मला वजनाच्या आकड्याचं वाटणं फार कमी झालं. आपल्याला चरबी घालवण्याइतकंच स्नायू कमवायचे आहेत, आणि ते काट्यावर उलट वजन म्हणून दिसतात!

आता धोक्याचं सांगतो, कारण यात मी स्वतः सापडलो होतो. वजन हलत नाही म्हणून मी 16 तासांचं फास्टिंग धरलं आणि त्याच उपाशी पोटी ग्रुपबरोबर पुणे-वाई-पुणे सायकलवर निघालो, पहाटे चारला, फक्त ब्लॅक कॉफीवर. कात्रजला काही वाटलं नाही. खंबाटकीच्या चढात अर्ध्यावर पायातला जीवच गेला. थंड घाम, हात थरथर, आणि सगळ्यात भीती वाटली ती याची की गिअर वर टाकायचा की खाली हे सुचेना. कठड्याला टेकून बसलो, बरोबरच्याने चार खजूर आणि शेंगदाण्याची चिक्की हातात दिली, वीस मिनिटांत माणसात आलो.

झालं काय होतं? मेंदूला सतत ग्लुकोज लागतं, एकूण ऊर्जेतला जवळपास पाचवा भाग तोच खातो, आणि रक्तात ग्लुकोज सोडायचं काम लिव्हर करतं. लिव्हरचा साठा साधारण 100 ग्रॅमचा, रात्रभरात त्यातला बराचसा संपतो. स्नायूत त्याच्या तीन-चार पट साठा असतो, पण स्नायू तो रक्तात सोडू शकत नाही, ज्याचा त्याने वापरायचा. म्हणून पायात इंधन शिल्लक असतानाही डोकं बंद पडू शकतं, आणि हायवेला शेजारून ट्रक जात असताना डोकं बंद पडणं परवडणारं नाही.

तेव्हा लांब पल्ल्याच्या दिवशी डाएट करायचं नाही, नाहीच करायचं. आदल्या रात्री नीट जेवा, दीड तासाच्या पुढे जाणार असाल तर तासाला 30 ते 60 ग्रॅम कार्ब पोटात गेलं पाहिजे, एका केळ्यात 25 ग्रॅमच्या आसपास मिळतं, राजगिऱ्याचा लाडू, चिक्की, खजूर काहीही चालतं. खाणं कमी करायचं ते इतर दिवशी आणि थोडंच, आणि प्रोटीन कमी करायचं नाही, वरण-भातातली डाळ आपण समजतो त्यापेक्षा खूप पातळ असते. भरपूर ट्रेनिंग आणि कमी खाणं असं महिनोन्महिने चाललं की बायकांची पाळी अनियमित होते किंवा थांबते, हाडं ठिसूळ होऊन बारीक फ्रॅक्चर होतात. "पाळी गेली म्हणजे फिट झाले" असं बोललेलं मी कानाने ऐकलंय, कृपा करून असं समजू नका, डॉक्टरांकडे जा.

पाण्याचंही तसंच. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये रक्त तपासलेल्या 488 रनर्सपैकी 13 टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम (मिठातला क्षार) खाली गेलेलं होतं, आणि त्यात जास्त होते ते शर्यतीत वजन वाढलेले, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायलेले, चार तासांहून जास्त वेळ घेणारे. म्हणजे आपल्यासारखेच. प्रत्येक टेबलाला थांबून ग्लास रिकामा करायची गरज नाही, तहानेप्रमाणे प्या. हार्टची भीती सगळे घालतात, तर अमेरिकेत 2000 ते 2010 मध्ये हाफ आणि फुल मिळून 1 कोटी 9 लाख सहभागींमध्ये कार्डिअॅक अरेस्ट झाले 59. धोका कमी आहे, पण छातीत दुखणं, चक्कर, घरात कमी वयात हार्टचा इतिहास असं काही असेल तर आधी तपासून घ्या, नाव नंतर द्या.

आमच्या सोसायटीतल्या एक काकू, वय 58, यांनी जूनमध्ये माझ्याबरोबर तळजाईला चालायला सुरुवात केली, डिसेंबरच्या पुणे मॅरेथॉनच्या वेळी 10 किलोमीटर करायचं म्हणून. दोन महिन्यांनी सोडायला निघाल्या होत्या, वजन 71 चं 71. त्यांना मी याज्ञिक-युडकिन यांचा फोटो दाखवला. घरी मोजपट्टी सापडेना तर त्यांनी सुतळी घेतली, बेंबीपाशी कमरेभोवती गुंडाळली आणि गाठ मारून देव्हाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. ऑगस्टची ती पहिली गाठ. परवा तिसरी मारली, पहिलीपासून चार बोटं आत आलीये. वजन 70 किलो 400.