अंडकोशात पू होतो तो कोणत्या जंतूंमुळे?

मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांकडे सरकतो. घामाने भिजलेले घट्ट कपडे, जांघेतलं घासणं, रेझरची बारीकशी जखम. अंडकोशाच्या कातडीवर केसतूड उठायला एवढं पुरतं. हे काम बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियसचं. अनेकांच्या नाकात एरवी निमूट राहणारा हा जंतू केसाच्या मुळाशी शिरला की पू धरतो. हे गळू वरवरचं असतं. तरी घरी पिळू नका, पू आत पसरतो.

आतून होणारा पू वेगळा. आतड्यातला ई. कोलाय लघवीच्या मार्गात शिरला, की अंगावरच्या बारीक तंतूंनी तिथल्या अस्तराला चिकटतो आणि शुक्रवाहिनीतून उलटा उतरत वृषणापर्यंत पोचतो. प्रोस्टेट वाढलेल्या किंवा कॅथेटर (लघवीची नळी) लावलेल्या वयस्करांत हे जास्त होतं. तरुणांत बरेचदा शरीरसंबंधातून पसरणारा गोनोरिया किंवा क्लॅमिडिया निघतो. मग जोडीदारावरही उपचार करावे लागतात. पूर्व विदर्भात हत्तीरोग जुनाच. त्यामुळे अंडकोशात साठलेल्या पाण्यातही कधी जंतू शिरून पू होतो.

सगळ्यात भयंकर फूर्निये गँगरीन. पॅरिसचे डॉक्टर झां आल्फ्रेड फूर्निये यांनी 1883 मध्ये त्याचं वर्णन केलं. इथे एकटा जंतू नसतो, टोळी असते. काही जंतू प्राणवायू संपवतात, बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, मांस मरू लागतं. आणि प्राणवायूविना वाढणाऱ्या बॅक्टेरॉइड्ससारख्यांना रान मोकळं मिळतं. कातडीखाली वायू साठतो, बोटाने दाबलं तर करकर जाणवतं. मधुमेहींना धोका फार. काही तासांत काळेपणा पसरतो, आणि मेलेलं मांस तातडीने कापून काढल्याशिवाय नुसत्या अँटिबायोटिकने भागत नाही. लाजेपोटी मेडिकलमधून गोळ्या आणून दोन दिवस काढणारी माणसं इथेच जिवाला मुकतात, याचं मला फार वाईट वाटतं. ताप, असह्य दुखणं, काळवंडलेली कातडी दिसली की थेट मोठं रुग्णालय गाठा.

मुलाच्या वृषणात अचानक कळ उठली तर पीळ पडलेला असू शकतो. तो संसर्ग नव्हे, पण वृषण वाचवायला हातात साधारण सहाच तास असतात.

टीबी मात्र गाजावाजा करत नाही. फारसं दुखत नाही, अंडकोशाच्या मागच्या बाजूला गाठ होते, मग छिद्र पडून पू झिरपत राहतो. नेहमीच्या कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत पुवातले जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत, काही उगवत नाही, कारण हा जंतू वाढायला आठवडे लागतात. अँटिबायोटिकचे कोर्स होऊनही पू थांबत नसेल, तर टीबीची तपासणी वेगळी सांगून करून घ्यावी लागते.