मेंढ्यांचा विण्याचा हंगाम

कळपातील गाभण मेंढ्या ज्या काळात वितात तो काळ आणि त्या काळात मेंढी व कोकरू यांची घेतली जाणारी निगा. दहा-वीस मेंढ्यांच्या लहान कळपात प्रत्येक मेंढी तोंडओळखीची असते, त्यामुळे हे काम बरेचसे नजरेवर चालते. मेंढीचा गर्भकाळ सरासरी १४७ दिवसांचा. चार-पाच दिवस पुढेमागे होतात. माज, म्हणजे मेंढी मेंढ्याला जवळ येऊ देते तो काळ, साधारण १७ दिवसांनी परत येतो. म्हणून मेंढा कळपात सोडल्याची तारीख लिहून ठेवली आणि पाच आठवड्यांनी त्याला वेगळे काढले, की सगळ्या मेंढ्याही जवळपास तेवढ्याच दिवसांत विऊन मोकळ्या होतात. मेंढा कायम कळपातच फिरत राहिला तर कोणती मेंढी कधी विणार याचा पत्ताच लागत नाही.

गर्भाची सुमारे ७० टक्के वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. नेमके तेव्हाच वाढलेले गर्भाशय पोटातली जागा अडवते आणि मेंढीला भरपूर चारा खाता येत नाही. पोटात जुळे किंवा तिळे असेल तर ती अंगची चरबी जाळू लागते, रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी द्रव्ये) साचतात, आणि मेंढी कळपामागे रेंगाळते, दिसेनासे झाल्यासारखी भिंतीला डोके लावून उभी राहते. एवढ्यावर आल्यावर उपचार बेभरवशाचे. त्यापेक्षा दीड महिना आधीपासून खुराक थोडाथोडा वाढवणे कितीतरी सोपे. आंत्रविषाराची (आतड्यात जंतूंचे विष तयार होणाऱ्या रोगाची) लसही विण्याआधी चार ते सहा आठवडे टोचतात, म्हणजे तिचा गुण चिकातून, म्हणजे विल्यानंतरच्या पहिल्या दाट दुधातून, कोकराला मिळतो.

विणे जवळ आले की कास ताठते, पोट खाली उतरून कुशीत खळगे पडतात. मेंढी कोपरा धरते, पायाने जमीन उकरते, बसते, उठते, स्वतःभोवती फिरून मागे काही आहे का ते हुंगते. पाणमोट (गर्भजलाची पिशवी) दिसल्यावर साधारण तासाभरात कोकरू बाहेर यावे. सरळ येणाऱ्या कोकराचे पुढचे दोन खूर आधी दिसतात आणि त्यांवर टेकलेले नाक, पाण्यात सूर मारणाऱ्यासारखे. एक पाय मागे राहिला, मान वळली किंवा नुसती शेपटी पुढे आली, तर मेंढी अडते. हात घालावाच लागला तर नखे कापलेली, हात साबणाने धुतलेले आणि वंगण भरपूर हवे. हाताला लागलेला पाय पुढचा की मागचा हे सांध्यांवरून कळते: खुराच्या वरचे दोन सांधे एकाच दिशेने वाकले तर पुढचा, उलटसुलट वाकले तर मागचा. अर्धा-पाऊण तास कळा देऊनही काही पुढे सरकत नसेल तर पशुवैद्याला बोलवावे. मात्र नवखे लोक वाट न पाहताच ओढाओढी करतात, आणि त्यातून होणारे नुकसान मोठे असते.

बाहेर पडलेले कोकरू पिवळसर, चिकट आणि क्षणभर निपचित असते. मग ते शिंकते, डोके झटकते, ओले कान फटफटतात. नाकातोंडावरचा पडदा निघालेला नसेल तर तो पुसायचा, गवताच्या काडीने नाकपुडी गुदगुल्या करून हलवायची, आणि मागे सरायचे. मेंढी तोंड मिटूनच घशातून खोल घुरघुरते आणि चाटू लागते. तो आवाज ती एरवी क्वचितच काढते. चाटण्याने कोकरू सुकते, रक्त खेळते, आणि मेंढीला त्याचा वास लागतो. पहिल्या काही तासांत लागलेला हा वास पक्का. त्यानंतर परके कोकरू सडाजवळ आले की ती त्याला ढुशी देते. पोरक्या कोकराला दुसऱ्या मेंढीच्या अंगावर लावायचे असेल तर ते तिच्याच गर्भजलात माखतात, किंवा तिच्या मेलेल्या कोकराचे कातडे त्याला पांघरतात.

मेंढीच्या वारेतून गर्भाकडे प्रतिपिंडे जात नाहीत. कोकरू रोगांशी लढायला निःशस्त्रच जन्मते आणि त्याची सगळी भिस्त चिकावर असते. आतड्यांची प्रतिपिंडे शोषण्याची ताकद तासागणिक घटते आणि दिवसभरात जवळजवळ संपते. पहिल्या दोन तासांत किलोमागे ५० मिलिलिटर, दिवसभरात २०० मिलिलिटर, असा हिशेब धरतात. म्हणजे चार किलोच्या कोकराला दिवसाकाठी ८०० मिलिलिटर. सडाच्या टोकाशी मेणासारखा बोळा असतो, तो दोन-तीन धारा काढून मोकळा करावा. कोकरू आधी पुढच्या पायाच्या बगलेत शोधते, मग कुठे कास सापडते. शेपटी भराभर हलू लागली की ते लुचत आहे असे समजायचे. नाळेला आयोडिनचा अर्क लावायला विसरू नये. वार सहसा दोन-तीन तासांत पडते. ती ओढू नये.

थंडी हा दुसरा शत्रू. कोकराच्या अंगाचे तापमान ३९ ते ४० अंश सेल्सिअस असते. जन्मतः अंगात असलेली तपकिरी चरबी काही तासच पुरते. ओठांतून बोट घातल्यावर तोंड गार लागले तर थर्मामीटर लावावा. तापमान ३७ च्या खाली आणि वय पाच तासांहून जास्त असेल, तर आधी ग्लुकोज आणि मगच शेक. रक्तातली साखर संपलेल्या कोकराला नुसते शेकले तर झटके येऊन ते दगावते.

मेंढी आणि कोकरे एक-दोन दिवस छोट्या कप्प्यात वेगळी ठेवली की ओळख घट्ट होते. गरोदर स्त्रियांनी मात्र विणाऱ्या मेंढ्या, वार व नवी कोकरे यांच्यापासून लांबच राहावे. टोक्सोप्लाझ्मासारखे जंतू त्यांच्या गर्भाला घातक ठरतात.

बाटलीवर वाढवायच्या कोकराला गाईच्या दुधापेक्षा कोकरांसाठीची दूध-भुकटी बरी, कारण मेंढीच्या दुधात स्निग्धांश बराच जास्त असतो. अशा कोकराचा लळा लागतो, पण ते नर असेल तर त्याला लवकर कळपात सोडावे. माणसाची भीड चेपलेला मेंढा मोठेपणी पाठमोऱ्या माणसालाही टक्कर देतो.