परावटू ग्रंथींचे विकार आणि रक्ततपासणी

परावटू अर्थात पॅराथायरॉइड ग्रंथी बहुधा चार असतात. थायरॉइडच्या मागे चिकटलेली त्यांतली प्रत्येक तांदळाच्या दाण्याएवढी. माणसातील या ग्रंथींचे वर्णन ईव्हार सांडस्ट्रॉम या स्वीडिश विद्यार्थ्याने १८८० मध्ये केले. त्याआधी रिचर्ड ओवेन या इंग्रज शरीररचनातज्ज्ञाला त्या लंडनमध्ये मेलेल्या भारतीय गेंड्यात दिसल्या होत्या. रक्तातील कॅल्शियम उतरले की त्या पीटीएच (पॅराथायरॉइड हार्मोन) हे संप्रेरक सोडतात. ते हाडांतून कॅल्शियम काढते आणि मूत्रपिंडाला ते राखायला लावते.

एखाद्या ग्रंथीत गाठ झाली की पीटीएच अकारण पाझरत राहते. मग वारंवार मुतखडे, हाडांचे दुखणे, बद्धकोष्ठ, थकवा. अल्पस्राव, म्हणजे पीटीएच कमी पडणे, बहुतेकदा थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर होतो: ओठांभोवती मुंग्या, हातापायांत गोळे, क्वचित झटके. अशा झटक्यांना मिरगी समजले जाण्याचा धोका असतो.

निदान एका आकड्यावर होत नाही. कॅल्शियम साधारण ८.५ ते १०.५ (मिग्रॅ/डेसिलिटर) आणि पीटीएच १५ ते ६५ (पिकोग्रॅम/मिलि) च्या दरम्यान असावे, पण दोन्ही एकत्र वाचावे लागतात. कॅल्शियम ११.५ आणि पीटीएच ५० असेल, तर रिपोर्टवर पीटीएचपुढे कसलीच खूण नसते. वास्तविक एवढ्या कॅल्शियमला ते दबायला हवे होते. आजार निसटतो तो इथेच.

अकोला, अमरावती, बुलढाणा भागातील खारपाणपट्ट्यात मुतखडा पाण्याच्या खात्यावर टाकला जातो. ते खोटेच असते असे नाही. तरी पुन्हापुन्हा खडे होणाऱ्याचे कॅल्शियम एकदाही न मोजणे ही हयगयच. उलट किडनी निकामी झालेल्या किंवा ड जीवनसत्त्व कमी असलेल्या रुग्णात पीटीएच वाढलेले आणि कॅल्शियम कमी किंवा ठीक सापडते. यवतमाळ, चंद्रपूरच्या फ्लोराइडयुक्त पाण्याच्या गावांत हाडे ताठरलेल्यांतही असे होऊ शकते. हा दुय्यम अतिस्राव. इथे आधी मूळ कारणावर उपचार. गाठ असेल तर मात्र शस्त्रक्रियेने आजार बहुधा बरा होतो.

गावाकडचा नमुना मोठ्या लॅबपर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणून पीटीएचसाठी जांभळ्या बुचाची ईडीटीए (रक्त गोठू न देणारे रसायन) असलेली नळी आणि थंड पेटी सोयीची. त्याच नळीतून कॅल्शियम मात्र काढू नये: ईडीटीए कॅल्शियमला बांधून ठेवते आणि आकडा खोटाच खाली येतो. दंडाची पट्टी फार वेळ आवळली तर तो थोडा वर जातो. कुपोषित रुग्णात अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिनही पाहावे, कारण ते कमी असले की एकूण कॅल्शियम कमी दिसते.