लॅगनं बदनाम केलेली पात्रं : ‘टेकन’मधल्या नावडत्या मतांची पार्श्वभूमी

‘टेकन’ ही मारामारीच्या व्हिडिओ गेमची मालिका खेळणाऱ्यांच्या घोळक्यात दोन मतं मांडली की हमखास भांडण होतं. ‘टेकन ७’चं ऑनलाइन, म्हणजे इंटरनेटवरून खेळणं, लोक म्हणतात तेवढं टाकाऊ नव्हतं, हे एक. त्या गेममधली बरीच ‘फालतू’ पात्रं मुळात फालतू नव्हतीच, हे दुसरं. दोन्ही मतं माझीही आहेत. पण ती स्वतंत्र नाहीत. कुठल्या पात्राला लोक नावं ठेवतात हे ते पात्र कुठं भेटलं यावर ठरतं, आणि २०१७ नंतर बहुतेकांना ती पात्रं इंटरनेटवरच भेटली, म्हणजे लॅगसकट : बटण दाबणं आणि ते पोचणं यातल्या उशिरासकट.

त्याआधीचा काळ थोडक्यात. ‘टेकन ३’ १९९७ साली आर्केडमध्ये, म्हणजे नाणी टाकून खेळायच्या यंत्रांवर, आणि १९९८ साली प्लेस्टेशनवर आला. आपल्याकडे तो तासाला पैसे मोजून खेळायच्या गेम पार्लरांतून पोचला. एडी हे पात्र घेऊन नुसती बटणं बडवणाऱ्याला तेव्हाही शिव्या पडत, पण त्याला उत्तर शोधायला वाव होता. समोरचा खेळाडू शेजारच्याच खुर्चीत असे आणि टीव्ही दोघांचा एकच. पायाशी येणारा वार अडवायला आपलं पात्र उशिरा खाली बसलं तर चूक आपली, हे कबूल करावंच लागे.

‘टेकन ७’ जपानच्या आर्केडमध्ये २०१५ साली आला, घरोघरी जून २०१७ मध्ये. हा गेम सेकंदाला ६० फ्रेमनं, म्हणजे ६० चित्रांनी, चालतो, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. बहुतेक पात्रांचा सगळ्यात जलद ठोसा १० फ्रेमचा. तो बघून कुणी अडवत नाही, अंदाजानंच अडवतो. बघून अडवायच्या गोष्टी म्हणजे पायाशी येणारे संथ वार. ब्रायन या पात्राची सरपटती लाथ अर्ध्या सेकंदाच्या जवळपास वेळ घेते. समोरासमोर बसल्यावर ती खाणं लाजिरवाणं. पण बटण दाबल्यापासून चार-पाच फ्रेम वाया जायला लागल्या की तीच लाथ जीवघेणी होते. किंग या पात्राच्या पकडींचंही तेच. कुठला हात पुढे आला ते पाहून सोडवायचं बटण ठरवायचं असतं, आणि पाहायला मिळणारा वेळच लॅग खाऊन टाकतो. मग किंग ‘ऑनलाइनचं पात्र’ ठरला. हे बिरुद त्याला समोरासमोरच्या स्पर्धांत कुणी दिलं नव्हतं.

आता ‘रोलबॅक’, म्हणजे हा उशीर झाकायची एक पद्धत. या शब्दानं जेवढा गोंधळ घातला तेवढा कुठल्याही पात्रानं घातला नाही. जुन्या डिले पद्धतीत दोन्ही यंत्रं एकमेकांची वाट पाहतात. समोरच्याचं बटण पोचेपर्यंत तुमचंही अडवून धरलं जातं. रोलबॅकमध्ये यंत्र थांबत नाही. समोरचा मघाशी जे करत होता तेच करत राहील असं धरून चालतं, आणि अंदाज चुकला तर काही फ्रेम मागं जाऊन प्रसंग नव्यानं उभा करतं. ही कल्पना २००० च्या दशकात एका चाहत्यानं सॉफ्टवेअरच्या रूपात आणली आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तिचा सोर्स कोड सगळ्यांसाठी मोफत खुला झाला. तीनच महिन्यांनी, जानेवारी २०२० मध्ये, ‘स्ट्रीट फायटर ५’चं रखडणारं ऑनलाइन एका खेळाडूनं घरबसल्या दुरुस्त करून दाखवलं. मग कोविडची साथ आली, समोरासमोरच्या स्पर्धा बंद पडल्या आणि ‘रोलबॅक द्या’ ही मागणी घोषणा होऊन बसली.

‘टेकन’च्या निर्मात्यांचं उत्तर असं होतं की आमच्याकडे ते आधीपासूनच आहे. लोकांना ही थाप वाटली. ती थाप नव्हती, आणि माझ्या या मतालाच सगळ्यात जास्त विरोध होतो. ‘टेकन ७’मध्ये दोन्ही पद्धतींचं मिश्रण होतं. थोडं रोलबॅक आणि अंतर वाढेल तसा वाढत जाणारा डिले. म्हणजे तंत्र होतं, पण त्याला मोकळीक फार थोडी दिलेली होती. नोव्हेंबर २०२० च्या चौथ्या हंगामात, म्हणजे मोठ्या अपडेटमध्ये, ती वाढवली, आणि सामना स्वीकारण्याआधी समोरचा वायरवर आहे की वायफायवर हे दाखवणारं चिन्हही आलं. माझ्या अनुभवात फरक त्या चिन्हानं जास्त पडला. वायफायवरची बटणं लहरीप्रमाणं उशिरा-लवकर पोचतात आणि अशा हेलकाव्यापुढं कुठलंच तंत्र पुरं पडत नाही. घरात वायर ओढायचा कंटाळा करणारा माणूस दोष मात्र नेटकोडला, म्हणजे दोन यंत्रांना जोडणाऱ्या या तंत्राला, देत होता.

शिवाय अंतराला तोड नाही. मुंबई ते टोकियो सरळ रेषेत साधारण ६,७०० किलोमीटर आहे. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे एका बाजूनं जायलाच दोन फ्रेम, आणि केबल सरळ रेषेत टाकलेली नसते. रोलबॅक हे अंतर लपवतं, कमी करत नाही. लपवायचं कसं, तर वाराच्या सुरुवातीच्या फ्रेम गिळून. ज्या खेळात खांद्याच्या हालचालीवरून वार ओळखायचा, त्यात सुरुवातच गिळली गेली तर बघणाऱ्यानं काय बघायचं? म्हणून ‘टेकन’मध्ये थोडा डिले ठेवणं हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता असं मी मानतो. तो प्रमाणाबाहेर ठेवला ही चूक होती. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे कुणी ऐकून घेत नाही.

या सगळ्याला एक ठसठशीत अपवाद आहे आणि तो टाळणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. डिसेंबर २०१९ मध्ये पैसे देऊन घ्यायचं पात्र म्हणून लिरॉय आला. पुढच्याच महिन्यात जपानमधल्या मोठ्या स्पर्धेत शेवटच्या आठांपैकी सहा जण त्यालाच घेऊन बसले होते. तिथं ना लॅग होता ना वायफाय, खेळाडू एकमेकांच्या शेजारीच बसले होते. लिरॉय खरोखरच अवाजवी ताकदीचा होता आणि नंतरच्या पॅचेसमध्ये, म्हणजे दुरुस्त्यांमध्ये, त्याची ताकद कापावी लागली. विकायच्या पात्राला आधी धारदार ठेवायचं आणि विकून झाल्यावर बोथट करायचं, ही शंका तेव्हापासून पक्की झाली. तिला उत्तर देणं निर्मात्यांना आजवर जमलेलं नाही. पण याच रागात नेगन, नॉक्टिस अशी दुसऱ्या मालिकांतून आणलेली पाहुणी पात्रंही होरपळली, ज्यांच्यावर आक्षेप ताकदीचा कमी आणि ‘हे इथले नव्हेत’ असा जास्त होता.

त्याच काळातली आणखी एक घटना इथं मोलाची आहे. २०१९ मध्ये लाहोरचा एक तरुण आधी जपानमधली आणि मग लास व्हेगासमधली मोठी स्पर्धा जिंकला. तोवर त्या देशातल्या खेळाडूंचा बाहेर फारसा बोलबाला नव्हता. ती तयारी दुकानांत, समोरासमोर बसून झालेली. आपल्या उपखंडाला हा खेळ कुठं उमगला याचा त्याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये ‘टेकन ८’ आला. ‘टेकन ७’ संपता संपता पात्रं पन्नासच्या आसपास गेली होती, इथं सुरुवात ३२ वर झाली. लेई हे जुनं पात्र गळालं तेव्हा हळहळ झाली. पण माझ्या मते ३२ हा आकडा योग्य होता, कारण पन्नास पात्रांविरुद्ध सराव करायला पार्लरएवढा वेळ आता कुणाकडेच नाही. ऑनलाइन सुधारलं, आणि किती फ्रेम डिले, किती फ्रेम रोलबॅक हे पडद्यावरच दिसू लागलं. लॅगच्या नावानं बोटं मोडायची सोय गेली तशी सगळी तक्रार पात्रांकडे वळली. एप्रिल २०२५ च्या दुसऱ्या हंगामात जवळपास प्रत्येकाला नवी आक्रमक शस्त्रं मिळाली आणि सगळी पात्रं एकाच साच्यातली वाटू लागली. विरोध इतका झाला की त्याच महिन्यात तातडीचा पॅच काढावा लागला.

एडीही परतला, एप्रिल २०२४ मध्ये, वेगळे पैसे मोजून. त्याच्याबद्दल पुन्हा तेच ऐकू येतं, जे पंचवीस वर्षांपूर्वी पार्लरमध्ये ऐकू येत होतं. फरक एवढाच की आता कोपऱ्यात डिले आणि रोलबॅकचे आकडे दिसत असतात, आणि पुष्कळदा ते अगदी कमी असतात.