अंगठ्याएवढं एव्हरेस्ट

सोलापूरच्या माणसाला डोंगर म्हणजे तुळजापूरचा घाट. कोजागिरीला चालत निघालं की शेवटच्या चढाला पोटऱ्या भरून येतात, तेवढीच आपली चढाशी ओळख. बाकी काळी रानं, ज्वारी आणि नजर पोचेल तिथवर सपाटी. म्हणून गेल्या ऑक्टोबरात आईला दिल्लीहून उत्तर बंगालमधल्या बागडोगऱ्याला नेताना मी मुद्दाम डावीकडची खिडकी घेतली. पूर्वेला जाताना हिमालय डाव्या हाताला असतो, परतताना उजव्या. शिवाय ऊन दक्षिणेकडून येतं, त्यामुळे उत्तरेकडे बघताना डोळे दिपत नाहीत.

काही वेळाने लांबवर पांढरी दातेरी रेघ उमटली. "ढग हायेत की रे ते," आई म्हणाली.

कुणालाही तसंच वाटेल. गंगेच्या मैदानावर धूळ-धुराचा जाड थर साचलेला असतो. डोंगरांचे पायथे आणि हिरवे उतार त्यात बुडून जातात, वरचा बर्फ तेवढा अधांतरी तरंगतो. ओळखायची खूण सोपी आहे: पाच-दहा मिनिटं नुसतं बघत राहायचं. ढगाचा आकार बदलतो, शिखराचा बदलत नाही. आणि खालची गावं, नद्या भराभर मागे पडत असताना ती रेघ मात्र सोबत चालते. पुण्याच्या एसटीत बसल्यावर रस्त्याकडेची झाडं पळतात आणि लांबची टेकडी आपल्याबरोबर येते, तसंच.

मग मी आईला हात लांब करून अंगठा धरायला सांगितला. असा धरलेला अंगठा नजरेत साधारण २ अंश रुंद दिसतो. एव्हरेस्ट दीडशे किलोमीटरवर आहे असं धरलं, तर त्याचा साडेपाच हजार मीटरच्या वरचा बर्फाळ भाग सव्वा अंशाएवढा भरतो. जगातलं सर्वांत उंच शिखर, पण अंगठ्याच्या रुंदीलाही कमीच! मोबाइलच्या फोटोत हिमालय का हरवतो, त्याचं उत्तर यात आहे. डोळा तेवढ्याच जागेवर खिळतो, कॅमेरा मात्र सगळं आकाश पसरून ठेवतो.

पृथ्वीचा गोलावाही यात हात मारतो. विमान ३५ हजार फुटांवर, म्हणजे साडेदहा किलोमीटरच्या थोडं वर असतं. सोलापूरच्या डोक्यावर तेवढ्या उंचीवर गेलो आणि हवा स्वच्छ असली, तर पश्चिमेला रत्नागिरीपलीकडचा समुद्र नजरेच्या टप्प्यात येईल, कारण तिथून क्षितिज सुमारे ३७० किलोमीटरवर असतं. पण दीडशे किलोमीटर अंतरात हाच गोलावा शिखराला पावणेदोन किलोमीटर खाली दडवतो. हवेतून येताना प्रकाशाचे किरण वाकतात, म्हणून त्यातलं थोडं परत मिळतं.

हेच वाकणं एकोणिसाव्या शतकात सर्वेक्षणवाल्यांच्या डोक्याला ताप होतं. १८४९-५० मध्ये मैदानातून 'पंधरावं शिखर', म्हणजे आजचं एव्हरेस्ट, मोजलं, तेव्हा सर्वांत जवळचं ठाणंही पावणेदोनशे किलोमीटरवर होतं. राधानाथ सिकदर यांच्या आकडेमोडीतून ते सर्वांत उंच ठरलं आणि १८५६ मध्ये २९,००२ फूट ही उंची जाहीर झाली. आजचं माप ८,८४८.८६ मीटर आहे. म्हणजे चूक जेमतेम तीस फुटांची. (या सर्वेक्षणाचा पाया घालणारे विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटात वारले.)

एव्हरेस्ट शोधताना सर्वांत पांढरं शिखर बघू नये. पुढे ल्होत्से-नुप्त्से या शेजारच्या शिखरांची भिंत उभी असते आणि तिच्यामागून एक काळपट त्रिकोण डोकावतो. वाऱ्याने बर्फ टिकत नाही, म्हणून तो काळपट. त्या दिवशी त्याच्या टोकावरून पूर्वेकडे पांढरं निशाण फडकत होतं. वारा शिखरावर आदळला की आडोशाच्या बाजूला हवेचा दाब घटतो, खालची दमट हवा वर ओढली जाते, गार होते आणि तिचा ढग बनतो. वारा वाहतो तोवर तो ढग विरत राहतो आणि पुन्हा बनत राहतो.

"पण एवढं वर उचललं कुणी?" आईने विचारलं.

आपण राहतो त्याच जमिनीने. सोलापूरच्या काळ्या मातीखालचा खडक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झाला, तेव्हा ही जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. तिला वाहून नेणारं भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा भलामोठा तुकडा, उत्तरेला सरकत सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडलं. मधल्या समुद्राचा तळ चुरगळून वर आला. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा चुनखडक समुद्रातलाच आहे. ही रेटारेटी अजून चालू आहे, वर्षाला साधारण पाच सेंटीमीटर. तिचा ताण भूपट्टाच्या पोटातही साठतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला जे झालं, त्यामागे हाच ताण असल्याचं शास्त्रज्ञ मानतात.

आई बराच वेळ बोलली नाही. त्या पहाटे आमच्या फळीवरची भांडी खाली आली होती, आणि आम्ही उजाडेपर्यंत अंगणात बसून होतो.

विमान उतरायला लागलं तेव्हा कांचनजंगा समोर आली, ८,५८६ मीटरची. मघाशी सगळी शिखरं नजरेच्या किंचित खाली होती. आता आम्ही खाली जात होतो आणि ती जागेवर उभी होती. साडेसात किलोमीटरच्या आसपास ती नजरेच्या रेषेत आली. आणखी खाली गेल्यावर आईने पुन्हा अंगठा धरला, या वेळी हात थोडा वर उचलून.