काहिलीवरची वाफ

किटलीचं झाकण हलताना बघून जेम्स वॅटला वाफेचं इंजिन सुचलं, ही गोष्ट परवा माझा पुतण्या पाठ करत होता. वॅटच्या जन्माआधी २४ वर्षं, १७१२ सालीच, थॉमस न्यूकोमेनचं इंजिन खाणीतलं पाणी उपसत होतं. पण त्यात दर फेऱ्याला सिलिंडर गार करून पुन्हा तापवावा लागे. वॅटला ही नासाडी खुपली. बरेचसे शोध असेच लागतात.

करवीर तालुक्यातल्या गुऱ्हाळावर उभं राहिलं की मला हेच आठवतं. चुलवाणात चिपाडं धडधडतात, काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, रस उसळतो आणि पांढरा लोट छपराबाहेर जातो. एक ग्रॅम पाणी ३० अंशांवरून १०० अंशांवर न्यायला ७० कॅलरी लागतात, पण त्याची १०० अंशांचीच वाफ करायला आणखी ५४०! म्हणजे रसाला दिलेली बहुतेक उष्णता त्या लोटाबरोबर उडून जाते.

मग ती वाफ दुसऱ्या काहिलीखाली का सोडू नये? कारण तिथला रसही शंभरच्या आसपासच उकळतो, आणि उष्णता गरमाकडून गाराकडेच वाहते. ही अडचण अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या नॉर्बर्ट रिलियू या इंजिनिअरने सोडवली. तिथे गुलाम माणसं उकळता रस पळ्यांनी एका कढईतून दुसरीत ओतत. रिलियूने भांडी बंद केली आणि पुढच्या प्रत्येक भांड्यातला दाब कमी ठेवला. वातावरणाच्या पाचव्या हिश्शाएवढ्या दाबाला पाणी ६० अंशांवरच उकळतं. त्यामुळे पहिल्याची वाफ दुसऱ्याला उकळवते, दुसऱ्याची तिसऱ्याला. शेवटची वाफ थंड करून तिचं पाणी केलं की जागा रिकामी होते आणि दाब खालीच राहतो. एक किलो वाफेत जवळपास तीन किलो पाणी उडतं. पेटंट १८४३ चं. आपल्या साखर कारखान्यांत रस आजही याच तत्त्वावर आटवतात.

घरी करून बघा. बिनसुईच्या सिरिंजमध्ये थोडं गरम पाणी घ्या, हवा काढा, तोंड बोटाने घट्ट दाबा आणि दांडा ओढा. पाण्याला बुडबुडे फुटतील.

रिलियूने उष्णता नव्याने निर्माण केली नाही, तीच पुन्हा पुन्हा कामाला लावली. ‘पाण्यावर चालणारी गाडी’ असे मेसेज पाठवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं: पाणी म्हणजे हायड्रोजन जळून उरलेली राख, ती पुन्हा कशी जळेल?

गुळाची चव आणि रंग मात्र काहिलीतल्या त्या कडक उष्णतेवर ठरतो. शेवटी गुळव्या उकळता पाक गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून बघतो. तेवढा शेवटचा पाक काहिलीतच राहू दे. त्याआधीचं पाणी बंद भांड्यांत उडवता येईल का, हे कोल्हापूरच्या एखाद्या मुलाने करून बघावं, असं मला फार वाटतं.