टँकरचं पाणी आधी झाडांना, मग लॉनला
उन्हाळ्यातल्या बागेविषयी आमच्या ग्राहकांसाठी

एप्रिल लागला की रोपवाटिकेत रोज एकच प्रश्न येतो, "लॉन पिवळं पडलंय, पाणी वाढवू का?" लातूरला 2016 मध्ये रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे आपण कुणीच विसरलेलो नाही. म्हणून आम्ही स्पष्ट सांगतो, पाणी मोजकं असेल तर लॉनचा नंबर शेवटचा. लॉनची हरळी वरून वाळली तरी खाली काश्या (जमिनीतली तिची खोडं) जिवंत राहतात, मृगाच्या पावसात पुन्हा फुटतात. पाच वर्षं वाढवलेला आंबा मात्र गेला की गेला.

सगळ्यात आधी जपायची ती एक-दोन वर्षांची झाडं. त्यांची मुळं अजून वरवर असतात. रोज तांब्याभर पाणी घालण्यापेक्षा चार-पाच दिवसांनी एकदाच भरपूर द्या. ओल खोल उतरते, मुळंही तिच्यामागे जातात. आळं फांद्यांचा घेर संपतो तिथवर रुंद ठेवा आणि त्यात चार बोटं जाड उसाचं पाचट किंवा वाळका पाला पसरा, बुंध्यालगत वीतभर जागा मोकळी सोडून. आपल्या काळ्या जमिनीत आच्छादन टाळूच नका. ही माती वाळली की भेगाळते, बारीक मुळं तुटतात आणि खालची ओलही भेगांतून उडून जाते. आधीच भेगा पडल्या असतील तर त्या बारीक माती आणि कुजलेल्या शेणखताने बुजवा, मग पाचट घाला. कोवळ्या आंब्याच्या बुंध्याला चुना लावला तर पश्चिमेच्या उन्हाने साल तडकत नाही.

जास्वंद दुपारी मान टाकते. घाबरून पाणी ओतू नका. संध्याकाळी पानं सावरली तर मुळाशी ओल आहे. सकाळीही मलूल दिसली तर मात्र लगेच पाणी द्या. बोगनवेलीला जास्त पाणी दिलं की नुसता पाला वाढतो.

लॉन कापताना पातं वर घ्या, गवत अडीच-तीन इंच राहू द्या. चालल्यावर पावलांचे ठसे तसेच राहिले तर ते तहानलेलं आहे. पाणी पहाटे द्या. युरिया आणि मोठी छाटणी चांगला पाऊस होईपर्यंत नको.

आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी कुंड्यांना रोज घालू नका, त्यात क्षार जास्त असतात. तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी खुशाल वापरा.

तरीही झाड वाळत असेल तर औषध विकत घेण्याआधी एक पान आणि आळ्यातली मूठभर माती घेऊन आमच्याकडे या. बघून सांगायचे पैसे आम्ही घेत नाही.